विहिरीच्या डबरात सापडलेली टोपी, आणि विजेच्या टोप्या बंद का झाल्या

प्रश्न धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातून आला आहे, थोडक्यात असा: अर्धवट राहिलेली विहीर दोन वर्षांनी पुन्हा खोदायला घेतली. यारीनं डबर वर काढताना त्यात पेन्सिलीएवढी जाड, बोटाएवढी लांब अशी पत्र्याची नळी निघाली. एका टोकाला दोन रंगीत तारा. पोरांनी ती गोठ्यात खुंटीला टांगून ठेवली आहे. शिवाय नवा ठेकेदार म्हणतो, सुरुंग उडवायच्या विजेच्या टोप्या सरकारनं बंद केल्या, आता नळीच्या टोप्या लागतील आणि बार महाग पडेल. हे खरं की पैसे काढायची युक्ती? आणि बार भरताना मोबाइल बंद करायला लावतात, त्यात काही अर्थ आहे का?

आधी गोठ्याचं बघा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

तुम्ही जे वर्णन केलं ते विजेच्या टोपीचं, म्हणजे इलेक्ट्रिक डिटोनेटरचं आहे. ती न उडालेली आहे. उडालेल्या टोपीची नळी शिल्लकच राहत नाही, तिच्या चिंध्या होतात. तेव्हा 'फुटून गेलेली असेल' ही आशा सोडा. तिला आता पुन्हा हात लावू नका. खुंटीवरून काढू नका, तारा ओढू नका, त्यांची टोकं सोलू नका, साफ करायला पाण्यात बुडवू नका. गोठ्यातल्या दिव्याचं बटण आहे तसंच राहू द्या. गुरं टोपीजवळ न जाता सोडता येत असतील तर सोडा, पोरांना लांब ठेवा, एक जाणता माणूस दारापासून दूर उभा करा आणि ११२ ला किंवा तुमच्या पोलीस ठाण्याला फोन करा. 'विहिरीच्या डबरात डिटोनेटर सापडला आहे, अमुक ठिकाणी आहे, कुणी हात लावत नाही' एवढं सांगा. पुढे बॉम्ब शोधक व नाशक पथक येतं. मोटरसायकलच्या डिकीत घालून ठाण्यात नेऊन देणारे असतात. तो चांगुलपणा अंगाशी येतो. चुलीत टाकणं, जुन्या बोअरमध्ये सोडणं, बांधावर पुरणं हेही नको. सापडलं आणि लगेच कळवलं, यात भिण्यासारखं काही नाही. सापडलं आणि घरात ठेवलं, तर मात्र उत्तरं देता देता नाकी नऊ येतील.

दोन वर्षं पाण्यात होती म्हणजे मेली असेल, असंही धरू नका. टोपीचं तोंड रबरी बुचानं आवळून बंद केलेलं असतं, ते पाणी आत जाऊ नये म्हणूनच. काहींत ओल शिरते आणि त्या बाद होतात, काहींत शिरत नाही. बाहेरून बघून ते कुणालाच सांगता येत नाही, आणि गंजलेली जुनी टोपी नव्या टोपीपेक्षा जास्त बेभरवशाची धरायची असते.

आता ही टोपी असते कशासाठी ते पाहू. चूल पेटवताना बाभळीच्या ओंडक्याला कुणी थेट काडी लावत नाही. काडीनं पऱ्हाट्या पेटवतो, पऱ्हाट्यांवर ओंडका धरतो. सुरुंगातही तशीच साखळी आहे. भोकात भरायच्या स्फोटकाच्या कांड्या हा ओंडका. आजकालच्या कांड्या इतक्या शांत असतात की नुसत्या आपटल्यानं किंवा ठिणगीनं त्या सहसा स्फोट पावत नाहीत (पेटू शकतात, म्हणून विडी लांबच). त्यांना हवा असतो जोरदार धक्का, आणि तो देणारी वस्तू म्हणजे टोपी. तिच्या बुडाशी जोरकस स्फोटक, त्याच्यावर अतिशय नाजूक स्फोटकाचा छोटा थर, आणि त्याला जाग आणणारी काहीतरी सोय. सगळं मिळून ग्रॅमभराच्या आसपास. पण हातात फुटली तर बोटं जातात आणि डोळ्याजवळ फुटली तर डोळा. सुरुंगाच्या सगळ्या सामानात सगळ्यात लहान आणि सगळ्यात चिडखोर वस्तू हीच. म्हणून कांड्या आणि टोप्या एका पेटीत, एका पिशवीत, एका खणात कधी ठेवत नाहीत.

जाता जाता: कांडीला सगळे अजून 'जिलेटिन' म्हणतात, पण खरं जिलेटिन केव्हाच गेलं. नायट्रोग्लिसरीनवर बनलेली जुनी स्फोटकं भारतात १ एप्रिल २००४ पासून बंद आहेत. त्या कांड्या हाताळणाऱ्यांचं डोकं ठणकायचं, ते नायट्रोग्लिसरीनमुळे. आता येतात त्या स्लरी किंवा इमल्शनच्या, म्हणजे पाणी मिसळलेल्या लगद्याच्या कांड्या. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

टोपीला जाग आणायची सोय कशी असावी, यावरच गेली पावणेदोनशे-दोनशे वर्षं डोकं चाललं आहे. १८३१ मध्ये इंग्लंडात विल्यम बिकफर्डनं सुरक्षा वात काढली. आल्फ्रेड नोबेलनं १८६० च्या दशकात पाऱ्याच्या फल्मिनेटची (हे एक नाजूक स्फोटक) टोपी आणली आणि १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं. नाव डायनामाइटचं झालं, पण टोपीशिवाय ते डायनामाइट कामाचं नव्हतं. वातीची अडचण अशी की पेटवणारा माणूस भोकाजवळ असतो. आठ भोकांच्या आठ वाती लावायच्या आणि विहिरीतून दोरानं वर यायचं, त्यात पाय घसरला किंवा वात ठरल्यापेक्षा लवकर जळली की संपलं. जुन्या काळच्या विहिरींवरचे कितीतरी जीव असे गेले.

विजेच्या टोपीनं ही अडचण सोडवली. नळीत दोन तारा जातात, त्यांच्या टोकांना केसासारखी बारीक तार जोडलेली असते. तिच्यातून वीज वाहिली की ती लाल होते आणि टोपी पेटते. माणूस लांब, आडोशाला, आणि सगळे बार त्याच्या हातात. पुढे टोपीत विलंबाचा मसाला घालून काही मिलीसेकंदांच्या फरकानं एकामागून एक बार काढता येऊ लागले. खडक नीट फुटतो आणि जमिनीचा हादरा वाटला जातो. शंभरावर वर्षं खाणी, धरणं, बोगदे आणि आपल्या विहिरी या टोपीवर झाल्या.

पण तिची खोडही त्याच बारीक तारेत आहे. वीज कुठून आली, हे टोपीला कळत नाही. ब्लास्टरच्या यंत्रातून आली काय, गळक्या केबलमधून आली काय किंवा आभाळातून आली काय, पुरेशी आली की ती पेटणार. म्हणूनच जिथं टोप्या लावायच्या तिथली भटकी वीज ५० मिलीअँपिअरच्या वर नसावी, हा जगभर पाळला जाणारा दंडक आहे. हा आकडा किती लहान आहे ते बघा: मोबाइलचा चार्जर याच्या वीसपट सहज देतो.

खान्देशातल्या विहिरीवर ही भटकी वीज कुठून येते?

पहिली आणि सगळ्यात मोठी, पाण्याची मोटर. विहीर खोदताना तळाचं पाणी उपसायला सबमर्सिबल सोडलेली असते. तिच्या केबलला तीन-चार जोड, त्यावर चिकटपट्टी, आणि ते जोड ओल्या डबरात लोळतात. केबल गळते, पाण्यातून आणि ओल्या खडकातून करंट पसरतो. बार भरायच्या वेळी मोटर 'बंद' केली म्हणतात, म्हणजे स्टार्टरचं लाल बटण दाबलेलं असतं. पण आपल्याकडे थ्री फेज पाळीनं येते, कधी रात्री, कधी पहाटे, आणि म्हणून निम्म्या स्टार्टरना ऑटो स्विच लावलेला असतो. लाइट गेलेली असताना खाली माणसं काम करत आहेत, लाइट आली, आणि मोटर आपोआप सुरू झाली! टोपी असो वा नसो, विहिरीत माणूस असताना ऑटो स्विच चालू ठेवणं हाच मोठा धोका. तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून खिशात ठेवायचे आणि केबल विहिरीतून पूर्ण वर ओढून घ्यायची. शेजारच्या विहिरीची मोटर दहा-पंधरा पावलांवर असेल तर तीही.

दुसरी, मोठ्या लाइनी. साक्रीकडे पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प, त्यांच्या उच्चदाबाच्या लाइनी शेतांवरून जातात. भुसावळ, जळगावकडे विजेवरची रेल्वे आहे. लाइनीखाली लांब तार पसरली की तिच्यात स्पर्श न होताही वीज उतरते. आणि बार उडाल्यावर मोकळी तार उसळून लाइनीवर पडू शकते, ते वेगळंच.

तिसरी, घर्षणाची वीज. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ वर, हवा कोरडी, धूळ उडते आहे, अंगात पॉलिस्टरचा शर्ट. अंधारात तो शर्ट काढताना चट्चट् आवाज येतो ना, तीच. कॉम्प्रेसरच्या रबरी पाइपातून धुळीसकट हवा सुटते तेव्हाही ती साचते.

चौथी, आभाळ. विहिरी खोदायचा हंगाम होळीपासून रोहिण्यांपर्यंत, आणि त्याच्या शेवटी वळीव. गडगडाट ऐकू आला की भरणं थांबवायचं, विहिरीतून आणि कडेपासून सगळ्यांनी निघून लांब जायचं, बार अर्धे भरलेले असले तरी. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंत दर तीन सेकंदाला सुमारे एक किलोमीटर. पण मोजत बसू नका, ऐकू आलं म्हणजे जवळच आहे. ही गोष्ट नव्या टोप्यांनाही लागू आहे, कारण थेट वीज पडली तर कुठलीच टोपी वाचत नाही.

मोबाइलचं विचारलं होतं. खिशातल्या फोननं विजेची टोपी उडण्याची शक्यता फार थोडी, कारण फोनची ताकद कमी असते. वॉकीटॉकी, गाडीतला वायरलेस, टॉवर यांची चिंता जास्त. तारा मोकळ्या पसरल्या की त्या अँटेनासारख्या वागतात. पण शक्यता थोडी म्हणून चालवून घ्यायचं, असं या कामात करत नाहीत. आणि दुसरं कारण साधं आहे: भरणाऱ्याचा फोन वाजला की त्याचं मोजणीतलं लक्ष जातं. फोन गाडीत ठेवायला लावणारा ठेकेदार शहाणा समजा.

आता बंदीचं. ठेकेदार खरं बोलतो आहे. स्फोटक अधिनियम, १८८४ खाली केंद्र सरकारनं विजेच्या टोप्यांचं उत्पादन, ताबा आणि आयात १ एप्रिल २०२५ पासून बंद केली. अपघात हे एक कारण. दुसरं, चुकीच्या हातात पडल्यावर ती वापरायला फार सोपी होती. त्यामुळे आज कुणी 'जुना स्टॉक आहे, स्वस्तात बार काढून देतो' म्हणाला, तर तो स्वस्त नाही. तो माल बाळगणंच बेकायदा आहे, आणि जागा तुमची असल्यानं पहिला प्रश्न तुम्हाला येईल.

तिच्या जागी आलेली 'नळीची टोपी' म्हणजे शॉक ट्यूबची, ज्याला ठेकेदार नोनेल म्हणतात. साधारण तीन मिलिमीटर जाडीची पोकळ प्लास्टिकची नळी, आतून स्फोटक भुकटीचा अगदी पातळ लेप. एका टोकाला धक्का दिला की आतल्या आत लाट धावते, सेकंदाला सुमारे दोन हजार मीटर, आणि नळी फाटत नाही. टोपीपर्यंत जाते ती धक्क्याची लाट, वीज नव्हे. मोटर, लाइन, शर्ट, रेडिओ, यांचं तिला काही नाही. आपल्याकडच्या ओल्या, केबलींनी भरलेल्या विहिरींसाठी ही टोपी पूर्वीच यायला हवी होती.

दोन गैरसमज मात्र काढून टाका. एक, 'नळीची टोपी सुरक्षित आहे, कशीही हाताळा'. बुडाची टोपी तीच आहे, तितकीच चिडखोर. फक्त तिला जाग आणायचा रस्ता बदलला. दोन, 'आता फुसका बार होणार नाही'. होतो. विजेच्या जोडणीचं निदान मीटरवर कळायचं (तेही खास ब्लास्टिंगच्या मीटरवर, साध्या मल्टिमीटरनं तपासणारे महाभाग होते). शॉक ट्यूब आतून तुटली आहे का, हे मीटर सांगत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. धारदार दगडावरून नळी ओढली गेली, बारीक भोक पडून पाणी शिरलं, भरताना वरून डबर पडून ती चिरडली, की लाट तिथंच थांबते. चौकशी करा: तुमचा माणूस नळ्या भोकाच्या कडेला मोकळ्या ठेवतो की घमेल्याखाली दाबतो?

तिसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक टोपी. आत चिप, स्वतःचा क्रमांक, तिच्या खास यंत्राशिवाय ती ऐकत नाही, आणि वेळ मिलीसेकंदापर्यंत नेमकी लावता येते. मोठ्या खाणींत आहे. एका विहिरीसाठी तिचा खर्च परवडणारा नाही, कुणी सुचवलीच तर गोड बोलून नको म्हणा.

तुमच्याकडून ठेकेदाराच्या कामात काय बघायचं, ते सांगतो. बार कसा भरायचा, किती भरायचा, हे तुमचं काम नाही आणि त्यात हात घालू नका. पण या चार गोष्टी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. बार भरणाऱ्याकडे शॉटफायररचा, म्हणजे बार भरून उडवायचा परवाना आहे का, तो स्वतः हजर आहे का, की परवाना धुळ्यात आणि माणूस विहिरीत? माल पेसोच्या (स्फोटकांचे परवाने देणारं केंद्राचं खातं) परवान्यावर, स्फोटकांच्या गाडीनं आला का, की जीपच्या सीटखालून? आलेल्या टोप्या, वापरलेल्या टोप्या, परत नेलेल्या टोप्या, हा हिशेब त्याच दिवशी लिहिला का? आणि उरलेला माल रात्री तुमच्या गोठ्यात, खळ्यात, मोटरघरात राहणार नाही, हे आधीच ठणकावून सांगा. 'उद्या परत यायचंच आहे, राहू द्या आबा' या एका वाक्यानं बरीच घरं गोत्यात आली आहेत.

विहिरीचा बार उघड्या खाणीपेक्षा वेगळा वागतो. तो तोफेच्या नळीसारखा सरळ वर उडवतो. वाळूच्या गोण्या, जुने टायर, जाळी यांनी तोंड झाकलेलं असलं तरी एखादा दगड निसटतोच, आणि वर गेलेला कुठं पडेल ते वाऱ्यालाही सांगता येत नाही. खाणींत धोक्याची हद्द ३०० ते ५०० मीटर धरतात. विहिरीवर लोक बांधाच्या लिंबाखाली उभे राहून बघतात! रस्ते दोन्हीकडून माणूस उभा करून अडवायचे, शिट्टी किंवा भोंगा ठरलेला असायचा, आणि 'सगळं ठीक'चा इशारा झाल्याशिवाय कडेला यायचं नाही.

बार उडाल्यावर तळाशी धूर बसतो. तांबूस धूर दिसला तर तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा, छातीला वाईट. पण त्याहून वाईट तो न दिसणारा, कार्बन मोनॉक्साइड. कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघायची जुनी रीत प्राणवायू कमी आहे का एवढंच सांगते. मोनॉक्साइड असतानाही ज्योत छान जळते. कॉम्प्रेसरची हवा तळापर्यंत सोडून भरपूर वेळ द्यायचा. आत उतरलेला एकजण पडला म्हणून दुसरा धावत उतरला, असं करू नका. त्याला कमरेच्या दोरानं वर ओढायचं, म्हणून दोर आधीच बांधलेला असावा.

बारांचे आवाज मोजा. दहा भोकं आणि नऊ आवाज झाले तर अर्धा तास तरी कुणी आत जायचं नाही, आणि मग जायचं ते फक्त शॉटफायररनं. मात्र विलंबाच्या बारांचे आवाज एकमेकांत मिसळतात, तेव्हा मोजणी जमली म्हणून निर्धास्त होऊ नका. तळ नजरेनं तपासावाच लागतो. फुसक्या बाराच्या तारा किंवा नळ्या कुणी ओढू नयेत, भोकातला माल सळईनं कोरू नये.

आणि इथंच तुमच्या विहिरीचं खरं दुखणं आहे. जुन्या बारांच्या भोकांची बुडं तळात शिल्लक राहतात. काळ्या पाषाणात ती स्वच्छ गोल दिसतात आणि जॅकहॅमर मारणाऱ्याला आयती वाटतात, कारण तिथं ड्रिलचं टोक घसरत नाही, भोक पटकन होतं. आत न उडालेली टोपी असेल तर तेच भोक त्याचा जीव घेतं. जुन्या भोकात पुन्हा ड्रिल घालायचं नाही, ही आमच्या कामातली सगळ्यात कडक मनाई आहे. तुमच्या डबरात एक टोपी निघाली, म्हणजे दोन वर्षांपूर्वी निदान एक बार फुसका गेला आणि कुणी शोधला नाही. एकच होता, असं समजायला काहीही आधार नाही. पथक येऊन गेल्यावर नव्या ठेकेदाराला हे पहिल्यांदा सांगा. तळ पाण्यानं धुऊन प्रत्येक जुनं भोक शॉटफायररला दाखवा, त्यावर चुन्यानं खूण करा, आणि ड्रिल मारणाऱ्या पोराला त्या खुणा स्वतः नेऊन दाखवा.

शेजाऱ्याच्या घराला तडे जाण्याची भांडणंही होतात, म्हणून एक आकडा लक्षात ठेवा. खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात, खाणीच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी कंपनाची मर्यादा वारंवारतेनुसार सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर आहे. विहिरीवर कंपन मोजायचं यंत्र कुणी लावत नाही. बार सुरू व्हायच्या आधी शेजाऱ्याला सोबत घेऊन त्याच्या भिंतींचे फोटो काढून ठेवले, तर आधीचे तडे आणि नंतरचे तडे वेगळे करता येतात.

राहिला यारीनं बाहेर टाकलेला डबर. पोलिसांना दाखवल्याशिवाय तो हलवू नका. पण त्यातला काही ट्रॉलीनं शिवाररस्त्यावर किंवा कुणाच्या पायाभरणीला गेला असेल, तर कुणी नेला, किती ट्रॉल्या नेल्या, कुठं टाकला, याची यादी आजच करा आणि तीही पथकाच्या हातात द्या.